वेताळाच्या रानातून गोरगोर्लूच्या दारी

आफ्रिका खंडाशी आमचा परिचय भूगोलाच्या पुस्तकातून झाला नाही. तो झाला घाटकोपर स्टेशनाबाहेरच्या एका भाडोत्री वाचनालयातून. दहा पैसे रोज देऊन आम्ही चाळीतली मुले तेथून इंद्रजाल कॉमिक्सचे अंक आणीत असू आणि शेवटचे पान फाटलेले निघाले तर गोष्ट मनानेच पुरी करीत असू. कवटीच्या गुहेत बसणारा वेताळ आणि त्याच्याभोवती विषारी बाण घेऊन उभे असलेले बुटके लोक, ही आमची आफ्रिका.

हा वेताळ मूळचा ली फॉक या अमेरिकन लेखकाचा. १९३६ साली तो वर्तमानपत्रांत अवतरला तेव्हा त्याचे रान आशियात होते. पुढे ते आफ्रिकेत गेले. चित्रकारही अमेरिकनच. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली आणि वेताळ मराठीही बोलू लागला. मुंबईत छापताना एक गंमत झाली. मूळच्या 'बेंगाला' देशाचे नाव 'डेंकाली' करण्यात आले आणि 'सिंग' नावाचे चाचे 'सिंगा' झाले. बंगालची आठवण नको, आपले आडनाव चाच्यांना नको, हा हेतू उघड दिसतो आणि तो योग्यच म्हणावा लागेल. परंतु आपला मान राखण्यापुरती चाललेली ही कात्री आफ्रिकी माणसासाठी मात्र कोणी उचलली नाही. एक गोरा पुरुष पिढ्यान्‌पिढ्या रानाचा न्यायनिवाडा करतो, हे आम्हीही मुकाट्याने वाचले. टोळीवाल्यांनी सभा भरवून एखादा ठराव केल्याचे काही आम्हांस आठवत नाही! पुढे फॉकनेच त्या देशाला लुआगा नावाचा कृष्णवर्णी अध्यक्ष दिला, हेही सांगितले पाहिजे. पण गुहेतले सिंहासन होते तेथेच राहिले.

आपल्याकडे १९७६ साली आबिद सुरती यांनी 'बहादूर' लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी तो रेखाटला. डाकूचा मुलगा, अंगात केशरी कुर्ता, खाली जीनची पँट. त्याने डाकूंशी सामना दिला तो नागरिकांचे सुरक्षा दल उभारून. गावकरी तेथे नुसते बघे नव्हते. आम्हांला तेव्हा एवढेच कळले की, हा मनुष्य गाडीत आपल्या शेजारी बसलेला असू शकेल. वेताळाविषयी तसे कधी वाटले नव्हते.

आफ्रिकेत हे कसे घडले? १९७५ साली नायजेरियासाठी 'पॉवरमॅन' हा कृष्णवर्णी वीर निघाला, पण त्याची चित्रे इंग्लंडात ब्रायन बोलंड आणि डेव्ह गिबन्स काढीत. वीराचा रंग बदलला, लेखणी तिकडेच राहिली. सेनेगलची गोष्ट निराळी. तेथे १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या सल्ल्याने काटकसर आली आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच दशकाच्या अखेरीस डाकारच्या एका विनोदी पत्रात टी. टी. फॉन्स या सेनेगली चित्रकाराने 'गोरगोर्लू' उभा केला. वोलोफ भाषेत या शब्दाचा अर्थ, कसेबसे निभावून नेण्यासाठी धडपडणारा. हा बेकार गृहस्थ रोज सकाळी घराबाहेर पडतो तो एकाच चिंतेने: आजच्या चुलीचे पैसे बायकोच्या हाती कसे पडतील? त्याच्याजवळ पिस्तूल नाही, घोडा नाही. सारा देश त्याला ओळखू लागला; पुढे त्याची दूरदर्शनमालिकाही निघाली.

हे आमच्या वाचनात फार उशिरा आले, आणि वाचताना आम्ही थबकलो. कारण ही कथा आम्ही लालबहादूर शास्त्री मार्गावर पाहिलेली आहे. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते; त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. पण त्यानंतर कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत एकेक कारखान्याचे फाटक बंद झाले, त्या माणसांचे काय? आमच्या युनियनमधला एक फिटर कारखाना बंद झाल्यावरही कित्येक महिने सात वाजता डबा घेऊन निघे. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. दुपारी तो युनियनच्या कचेरीत येऊन आमच्यासमोर डबा उघडी आणि भाजी कमी आहे असे सांगून आम्हांलाच आग्रह करी. त्याचे चित्र मराठीत कोणी काढलेले आमच्या पाहण्यात नाही. डब्यात बहुधा बटाटा असे.