उठताना काय करायचं? : फायटिंग गेममधल्या बचावाच्या अभ्यासाला प्रस्तावना

फायटिंग गेममधली हार बहुतेक वेळा एकाच क्षणी ठरते. आपला गडी खाली पडलेला असतो आणि उठत असतो. त्या अर्ध्या सेकंदात आपलं बोट कोणत्या बटणाकडे जाणार, हे समोरच्याला आधीच ठाऊक असतं, कारण मागच्या तिन्ही वेळा ते तिथंच गेलेलं असतं. तो पाऊलभर मागे सरतो, आपलं बटण वाया जाऊ देतो आणि लाइफचा मोठा तुकडा घेऊन जातो. बचावाचा अभ्यास या अर्ध्या सेकंदापासून सुरू होतो. वणी, दिंडोरी, कळवण भागातल्या ज्या मुलामुलींच्या हातात आज कंट्रोलर आहे, त्यांनी तो मनापासून करावा म्हणून ही प्रस्तावना लिहितो आहे.

तालमीत डावाबरोबर त्याची तोडही शिकवतात. वस्ताद नुसता डाव दाखवून थांबत नाही. हा डाव आपल्यावर पडला तर सुटायचं कसं, तेही अंग धरून घोटून घेतो. फायटिंग गेम शिकताना ही दुसरी अर्धी बाजू राहून जाते. नवा खेळाडू आधी कॉम्बो पाठ करतो, कारण ते दिसायला देखणे असतात आणि एकट्याने बसून घोटता येतात. बचावाला समोर माणूस लागतो, आणि त्या माणसाने आपल्याबद्दल काय ताडलं आहे हे ओळखावं लागतं. म्हणूनच मी बचावाला या खेळाचा अधिक खोल भाग मानतो.

आधी वेळेचा हिशेब पाहू. १९९१ साली आलेल्या 'स्ट्रीट फायटर २' पासून २०२४ च्या 'टेकन ८' पर्यंत या खेळांचा हिशेब फ्रेममध्ये चालतो. एका सेकंदाला ६० फ्रेम. 'स्ट्रीट फायटर ६' मध्ये साधा थ्रो, म्हणजे जवळ येऊन धरून आपटणं, ५ फ्रेममध्ये लागू होतो, म्हणजे सेकंदाच्या बाराव्या भागात. माणसाला डोळ्यांनी पाहून बोट हलवायला सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. थ्रो सोडवायला गेम थोडी जास्तीची मुदत देतो, तरीही अगदी जवळून आलेला थ्रो 'पाहून' सोडवणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे. तिथे सुटलेल्या खेळाडूने आधीच अंदाज बांधलेला असतो. नव्या खेळाडूला वाटतं की आपले हात मंद आहेत. हात ठीकच असतात. पाहण्याआधी निवडायचं असतं, आणि निवडायची पाळी आली की घाबरलेलं मन मागच्या वेळचंच उत्तर पुढे करतं.

उठणाऱ्यापुढे वाटा तरी किती असतात? तो ब्लॉक धरू शकतो. थ्रो सोडवण्याचं बटण दाबू शकतो. उडी मारून निसटू शकतो, बॅकडॅशने मागे सरकू शकतो. गेज शिल्लक असेल तर शोर्युकेनसारखा, सुरुवातीच्या फ्रेममध्ये मार न लागणारा फटका मारून डाव उलटवू शकतो. यातली प्रत्येक वाट कशावर तरी मात करते आणि कशापुढे तरी पडते. ब्लॉक फटक्याला अडवतो, पण थ्रोपुढे उघडा असतो. उडीने थ्रो चुकतो, पण उठता क्षणी अंगावर येणारा फटका उडीला जमिनीवरच पकडतो. शोर्युकेन फटका आणि थ्रो दोन्ही मोडतो, पण समोरचा नुसता ब्लॉक धरून उभा असला तर आपण हवेत लटकतो आणि खाली येताना पूर्ण कॉम्बो खातो. थ्रो सोडवण्याच्या बटणाचं औषध आहे 'शिमी'. हल्लेखोर थ्रोच्या टप्प्यात येतो आणि शेवटच्या क्षणी मागे सरतो; सोडवण्याचं बटण थ्रोचंच असल्याने आपला थ्रो हवेत जातो आणि तो मोकळ्या अंगावर मारतो. कुठलीच वाट कायमची सुरक्षित नाही, खेळाची मांडणीच तशी केलेली आहे. 'स्ट्रीट फायटर ६' मध्ये तर नुसतं ब्लॉक धरून बसण्याचीही किंमत पडते: ड्राइव्ह गेज झिजत जातो, तो संपला की बर्नआउट लागतो, आणि मग अडवलेल्या स्पेशल फटक्यांतूनही लाइफ गळू लागतं.

मग कोणती वाट किती वेळा घ्यायची? इथे गणित कामाला येतं, आणि ते शाळेच्या बीजगणितापलीकडचं नाही. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली बैठ्या खेळांच्या सिद्धान्तावर निबंध लिहिला. त्यातली मूळ कल्पना अशी की समोरच्याने काहीही केलं तरी आपलं सरासरी नुकसान एका मर्यादेबाहेर जाणार नाही, असं मिश्रण शोधावं. आपल्या प्रसंगात ते मांडून पाहू. 'स्ट्रीट फायटर ६' मधल्या बहुतेक पात्रांचं लाइफ १०,००० आणि साध्या थ्रोचा मार १२०० आहे. शिमीत सापडल्यावर ३००० चा कॉम्बो बसतो असं मानू. समोरचा फक्त या दोनपैकी एक करणार आणि आपण थ्रो सोडवणार किंवा गप्प ब्लॉक धरणार, एवढंच धरू. आपण दर वेळी सोडवायला गेलो तर शिमीने दर वेळी ३००० जातील. कधीच गेलो नाही तर थ्रोने दर वेळी १२००. सातपैकी दोन वेळा सोडवायला गेलो आणि पाच वेळा गप्प राहिलो, तर त्याने थ्रो टाको की शिमी करो, सरासरी नुकसान सारखंच येतं: सुमारे ८५७.

सातपैकी दोन. या आकड्यापाशी जरा थांबावं. बहुतेक नवे खेळाडू दर वेळी सोडवायला जातात, कारण थ्रो बसणं मनाला लागतं. कोणी मानगूट धरून आपटल्यासारखं वाटतं. गणित सांगतं की त्या जागी बहुतेक वेळा थ्रो खाल्लेला परवडतो. १२०० सोसायचे, पुन्हा उठायचं आणि ३००० वाचवायचे. माझ्या मते बचावातली सर्वांत अवघड गोष्ट हीच, कारण ती करताना हाताला काहीच करायचं नसतं. आपली सवय जिथे जन्मते ती जागाही हीच. 'काहीतरी केलं पाहिजे' या भीतीने बोट दाबलं जातं आणि त्या दाबण्याला आपण बचाव म्हणू लागतो.

हे प्रमाण दगडावर कोरलेलं नाही. आपण कॉर्नरमध्ये असलो की एका थ्रोनंतर हल्लेखोराला लगेच पुन्हा दाब टाकता येतो, त्यामुळे थ्रोची खरी किंमत वाढते. ती २००० धरली तर सोडवायला जाण्याचं प्रमाण पाचपैकी दोनवर जातं. आपलं लाइफ १२०० च्या खाली गेलं की थ्रोनेही खेळ संपतो आणि शिमीनेही. मग प्रमाण निम्मं-निम्मं होतं. म्हणजे मैदानाच्या मधोमध जे उत्तर शहाणपणाचं होतं, ते कोपऱ्यात आणि शेवटच्या श्वासाला तसंच राहत नाही. अनुभवी खेळाडू उठण्याआधी आपलं लाइफ, गेज आणि भिंतीपासूनचं अंतर पाहतो आणि मग निवडतो.

प्रसंग जितका तंग, तितक्या वाटा कमी आणि अंदाज सोपा. कबड्डी पाहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' ठरते. गुण घेतल्याशिवाय चढाईपटूला परत येता येत नाही, म्हणून बचावफळी त्याच्या घाईची वाट पाहत थांबते. फायटिंग गेमच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला क्षण याच जातीचा आहे. २००४ च्या एव्हो स्पर्धेत कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे 'स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक' च्या सामन्यात दाइगो उमेहाराच्या केनचं लाइफ केसाएवढं उरलं होतं. समोर जस्टिन वाँगची चुन-ली होती. त्या गेममध्ये स्पेशल फटका अडवला तरी थोडं लाइफ जातं, म्हणून साधा ब्लॉक धरणं म्हणजे मरणच होतं. वाँगने सुपर सोडला, लाथांची १५ फटक्यांची माळ. उमेहाराने एकेक लाथ पॅरी केली, म्हणजे नेमक्या क्षणी पुढे रेटून ती झेलली, आणि उलट मारून फेरी जिंकली. लोक त्याच्या हातांचं कौतुक करतात, ते रास्तच आहे. पण त्या सुपरची पहिली लाथ इतक्या लवकर येते की तो सुटल्याचं दिसल्यावर झेलायला घेतलं तर उशीर होतो. हा गडी आता सुपरनेच संपवायला जाणार, हे त्याने आधीच ओळखलं होतं. या अभ्यासात तो क्षण शिकवायचा तर मी वाँगच्या बाजूने शिकवीन: हातात जिंकण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, तो समोरच्यालाही दिसतो आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण सगळ्यांत जास्त वाचले जातो.

सवय मोडायची म्हणून दर वेळी उत्तर बदलत राहणं, हा उपाय नव्या खेळाडूला पटकन सुचतो. त्यात एक खोच आहे. मार्क वॉकर आणि जॉन वूडर्स यांनी २००१ साली मोठ्या टेनिस सामन्यांतल्या सर्व्हिसचा अभ्यास प्रसिद्ध केला. डावीकडे आणि उजवीकडे केलेल्या सर्व्हिसवर गुण जिंकण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं, म्हणजे खेळाडूंचं मिश्रण गणिताला धरून होतं. पण दिशा ते गरजेपेक्षा जास्त वेळा बदलत होते. आत्ता डावीकडे झाली, आता उजवीकडे, असा मनाचा ओढा असतो आणि तो ताडता येतो. इग्नासिओ पालासिओस-उएर्ता यांनी २००३ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधल्या १,४१७ पेनल्टी किकची छाननी मांडली, तेव्हा मात्र असं दिसलं की आधीच्या किकचा पुढच्या किकवर ठसा उरत नाही. म्हणजे माणसाला हे जमू शकतं. 'मागच्या वेळी थ्रो खाल्ला, म्हणून आता सोडवतो' असं म्हणणारा खेळाडू आपली जुनी सवय टाकून नवी घालतो, आणि ही नवी सवय तर मागच्या फेरीच्या निकालावरूनच वाचता येते.

यापुढचा टप्पा म्हणजे समोरच्याच्या मनात आपली जी सवय बसली आहे तिचाच उपयोग करणं. त्यासाठी वणीकरांना दूर जायची गरज नाही. ऑक्टोबर १६७० च्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि लूट घेऊन ते बागलाणमार्गे परत निघाले. त्यांना अडवायला मुघल सरदार दाऊदखान कुरेशी चांदवडच्या बाजूला आला. लुटीचं ओझं घेऊन चाललेली फौज वाट सापडली की निसटू पाहणार, असा अंदाज कोणीही बांधला असता. महाराजांनी निम्मी फौज लुटीसह नाशिककडे पुढे काढली आणि उरलेली कंचन-मंचन खिंडीपाशी लढाईला उभी केली. १७ ऑक्टोबरच्या सकाळी मुघल फौज विस्कळीत पुढे येत होती. आघाडीच्या इखलासखानाला समोर सज्ज मराठे दिसले. मागच्यांची वाट न पाहता तो तुटून पडला आणि जखमी होऊन घोड्यावरून खाली आला. या वणी-दिंडोरीच्या लढाईची हकिकत भीमसेन सक्सेना याने लिहून ठेवली आहे, आणि तो स्वतः मुघल फौजेत होता. उघड्या मैदानातली ही लढाई मराठ्यांनी जिंकली. बचाव म्हणजे पळणं किंवा अडून राहणं एवढंच नव्हे, हे मला या प्रसंगाइतकं नीट दुसरं काही समजावत नाही. गेममध्येही हेच करता येतं: पहिल्या फेरीत दोनदा गप्प ब्लॉक धरायचा, थ्रो खायचा, समोरच्याला निर्धास्त चालत येऊ द्यायचं, आणि गेज भरलेला असताना, फेरीचा निकाल टांगलेला असताना एकदाच उलटायचं. इथे गणितातलं सातपैकी दोनही बाजूला ठेवावं लागतं, कारण आता आपण त्याची खात्री वाचत असतो.

या खेळाच्या मोठ्या केंद्रांपासून इतक्या दूरून हे कुठवर जाईल, असं विचारणाऱ्यांना मी लाहोर दाखवतो. २०१९ मध्ये तिथल्या अर्सलान अॅश याने 'टेकन ७' मध्ये आधी एव्हो जपान आणि मग लास वेगासची एव्हो जिंकली. तोवर जपान-कोरियाच्या बाहेर अशी ताकद असेल असं फारसं कोणी धरत नव्हतं. त्याची पिढी एकमेकांसमोर बसून तयार झाली आणि तिचं नाव झालं ते हालचालीसाठी, बचावासाठी. आपल्याकडेही २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत 'स्ट्रीट फायटर ५' पदकांच्या खेळांमध्ये होता आणि भारताकडून मयंक प्रजापती व अयान बिस्वास उतरले होते. हे दार उघडं आहे.

सुरुवात आपण हरलेल्या सामन्यापासून करावी. 'टेकन ८' मध्ये स्वतःच्या सामन्याचा रिप्ले मध्येच थांबवून तिथून पुन्हा खेळता येतं. 'स्ट्रीट फायटर ६' च्या सरावात बाहुल्याकडून थ्रो आणि शिमी रेकॉर्ड करून उलटसुलट क्रमाने आपल्यावर सोडता येतात. पण त्याआधी एक वही घ्या. रिप्ले लावा आणि जिथे जिथे तुम्ही खाली पडलात तिथे थांबा. लाइफ किती होतं, गेज किती, भिंत किती लांब, उठताना तुम्ही काय केलं आणि त्याचं काय झालं, एवढं एका ओळीत लिहा. थ्रो खाल्ला म्हणून ती ओळ चुकीची ठरत नाही, आणि शोर्युकेन लागला म्हणून बरोबरही ठरत नाही; त्या जागी तुम्ही आधी काय करत आलात ते शेजारी लिहिलं की मगच ती वाचता येते. पान भरलं की ते गावातल्या ज्या मित्राशी तुम्ही रोज खेळता त्याच्या हातात द्या आणि पुढच्या ओळीत तुम्ही काय लिहिणार ते त्याला विचारा.