हवें तितकें वाढून घ्या

रविवारीं सकाळीं अकराच्या सुमारास एखाद्या मोठ्या हॉटेलाच्या भोजनगृहांत शिरलें, म्हणजे प्रथम दृष्टीस पडतें तें एक लांबलचक मेज. एका टोकाला पाव, लोणी, मुरंबे. मध्यें फळांच्या राशी, कोशिंबिरी, थंड मांसाचे काप. पुढें झांकणाच्या भांड्यांतून वाफाळणारे पदार्थ, आणि शेवटीं गोडाची आरास. शेजारीं स्वच्छ ताटांची चळत. यजमान कोठेंच दिसत नाहीं. ‘आणखी घ्या’ म्हणणारें कोणी नाहीं, आणि ‘पुरे’ म्हणण्याची पाळीही कोणावर येत नाहीं. ठरलेलें मोल एकदां दिलें, कीं मेजावरील कोणताही जिन्नस, कितीही वेळां, आपल्या हातानें वाढून घेण्याची मुभा. न्याहारी आणि दुपारचें जेवण यांच्या सीमेवरील या भोजनाला ‘ब्रंच’ म्हणतात, आणि त्याच्या या मांडणीला ‘बुफे’. हल्लीं मुंबई-पुण्यांतही सुटीच्या दिवशीं त्यासाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें घराबाहेर पडतात.

‘हा तर खादाडपणाचा बाजार’ असा शेरा या प्रकारावर पुष्कळदां मारला जातो. शेरा अगदींच खोटा नाहीं. परंतु वीतभर पोटांत माणूस किती भरतो, यापेक्षां वाढप कोणाच्या हातीं आहे, हा प्रश्न या मेजाच्या इतिहासांत अधिक महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रांतील पंगतींत तें यजमानाच्या हातीं असे. जिलबीचा आग्रह, पानावर आडवा धरलेला हात, आणि तो चुकवून वाढलेली आणखी एक जिलबी, हा लग्नकार्यांतला ठरलेला खेळ. पण त्याच पंगतीनें मराठी भाषेला ‘पंक्तिप्रपंच’ हाही शब्द दिला. वाढणारा एकाच्या पानावर तुपाची धार धरी आणि दुसऱ्याची थेंबावर बोळवण करी. मुळांत पंक्तीला कोणीं बसावें आणि कोणीं बाहेर तिष्ठावें, हें तर जेवणाराच्या हातीं कधींच नव्हतें. १८४९ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या परमहंस सभेच्या सभासदांना परधर्मीयाच्या हातचा पाव खाण्यासारखी साधी गोष्ट गुप्तपणें करावी लागली, ती याच धाकामुळें. ज्यानें त्यानें हातीं ताट घ्यावें आणि वाटेल तें वाढून घ्यावें, ही कल्पना दुसरीकडे कशी वाढली, तें पाहणें म्हणूनच मनोरंजक आहे.

‘ब्रंच’ या शब्दाचें वय फारसें नाहीं. १८९५ सालीं इंग्लंडांत ‘हंटर्स वीकली’ या नियतकालिकांत गाय बेरिंजर नांवाच्या लेखकानें या भोजनाची शिफारस करणारा एक लेख लिहिला. रविवारीं चर्चहून आल्यावर जें जड जेवण जेवण्याची रूढी होती, तिच्यावर त्याचा रोष होता. त्याऐवजीं दुपारच्या सुमारास चहा-कॉफी आणि मुरंब्यापासून आरंभ करावा आणि सावकाश भरीव पदार्थांकडे वळावें, असें त्याचें म्हणणें. शनिवारची रात्र जागविणाऱ्यांना यामुळें रविवारीं पहांटे उठावें लागणार नाहीं, हा त्यांतला खरा मुद्दा! त्याची मागणी पुष्कळ खाण्याची नव्हती, उशिरां उठण्याची होती. पुढील वर्षीं ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकानें या नव्या शब्दाची दखल घेतली.

शब्द नवा असला तरी अकराची न्याहारी कांहीं नवी नव्हती. अमेरिकेंत न्यू ऑर्लिअन्स शहरीं मादाम बेगे नांवाची एक जर्मन वंशाची बाई तेथील फ्रेंच बाजारांतल्या खाटकांना सकाळीं अकरा वाजतां भरपेट जेवूं घालीत असे. हे लोक पहांटेपूर्वींच कामाला लागत. अकरापर्यंत त्यांचें अर्ध्याहून अधिक काम उरकलेलें असे. १८८४ सालीं त्या शहरांत मोठें प्रदर्शन भरलें, बाहेरगांवचे लोक आले, आणि कष्टकऱ्यांची ती दुसरी न्याहारी पाहुण्यांची चैन होऊन बसली. श्रमानें लागलेल्या भुकेची जागा सुटीच्या भुकेनें घेतली, एवढाच काय तो फरक.

मेज मात्र आलें तें स्वीडनहून. अठराव्या शतकांत तेथील संपन्न घरांत पाहुणे जमले, म्हणजे मुख्य भोजनापूर्वीं बाजूच्या मेजावर पाव, लोणी, चीज, खारवलेली हेरिंग मासळी आणि ‘ब्रेनव्हिन’ हें कडक मद्य मांडून ठेवीत. उभ्याउभ्यानें चार घास खाऊन मंडळी मग खऱ्या जेवणाला बसत. एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली, आणि स्टेशनांवरील व हॉटेलांतील हीं मेजें प्रवाशांसाठीं लांब होऊं लागलीं. त्यांवर गरम पदार्थ आले. १९१२ सालच्या स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांच्या सुमारास तर जेवणापूर्वींचें हें मेज स्वतःच जेवण बनलें होतें. ‘स्मॉर्गसबोर्ड’ हें त्याचें नांव. अर्थ साधा आहे, लोणी-पावाचें मेज.

या मेजावर वाढपी नाहीं, पण शिस्त आहे. प्रथम हेरिंग आणि उकडलेले बटाटे घ्यावयाचे. तें ताट ठेवून द्यावयाचें. दुसऱ्या फेरीला स्वच्छ ताट आणि इतर मासळी. तिसऱ्या फेरीला पुन्हा नवें ताट आणि थंड मांस. मग खिम्याचे गोळे वगैरे गरम पदार्थ. आणि सर्वांत शेवटीं गोड. मासळीचा वास मांसाला लागूं नये, हें एक कारण झालें. परंतु प्रत्येक फेरीला जेवणारा उठतो, चालतो, थांबतो, आणि तेवढ्या अवधींत त्याच्या पोटाला आपलें मत सांगावयास सवड मिळते, हा लाभ कांहीं लहान नव्हे. सारे पदार्थ एकाच ताटांत रचून डोंगर करणारा माणूस तेथें अडाणी ठरतो. यजमानानें पळी खालीं ठेवली, ती रीतिरिवाजानें उचलली!

१९३९ सालीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत स्वीडननें ‘थ्री क्राउन्स’ या उपाहारगृहांत हें मेज मांडलें, आणि तेंही फिरतें. लोकांनीं तें पाहण्यास गर्दी केली. अमेरिकन माणसानें मेज उचललें; क्रम मात्र तेथेंच राहिला.

तो क्रमहीन मेजवानीचा अवतार पाहावयाचा, तर नेवाडाच्या वाळवंटांत लास व्हेगसला जावें लागतें. तेथें १९४१ सालीं टॉमस हल यानें गांवाबाहेर, लॉस अँजेलिसकडे जाणाऱ्या रस्त्यावर, ‘एल रँचो व्हेगस’ हें हॉटेल उघडलें. खोल्या आणि पोहण्याचा तलाव हे त्याचें भूषण. जुगार हा त्याचा धंदा. मध्यरात्रीं खेळणाऱ्यांना भूक लागे आणि ते उठून जात. उठून गेलेला माणूस परत बसतोच असें नाहीं. तो झोंपूं शकतो, आणि झोंपेंत त्याला शहाणपणही सुचूं शकतें. हॉटेलांतील हर्ब मॅकडोनल्ड याच्याविषयीं अशी कथा सांगतात, कीं एका रात्रीं त्याला स्वतःलाच भूक लागली. त्यानें मुदपाकखान्यांतून चीज आणि थंड मांस आणून मद्यगृहाच्या फळीवर मांडलें, तों भोंवतालच्या खेळगड्यांच्या माना तिकडे वळल्या. कथेवर झिलई चढली असेल. तिच्यामागचा हिशेब मात्र चोख होता. त्या दशकांत एल रँचोमध्यें एका डॉलरला हवें तितकें खाण्याचें रात्रीचें मेज सुरू झालें. जेवणांत जें जाई, तें फांशांवर आणि पत्त्यांवर दसपटीनें परत येई. यजमान येथें नाहींसा झाला नव्हता. तो पडद्याआड उभा राहून पाहुण्यांचे खिसे मोजीत होता. शेजारच्या हॉटेलांनीं हीच युक्ति उचलली. एल रँचोची मुख्य इमारत १७ जून १९६० रोजीं आगींत भस्म झाली. पण तोंवर तें मेज साऱ्या शहराचें झालें होतें, आणि पुढें शनिवार-रविवारचें ब्रंचही त्यावरच थाटलें गेलें.

अगदीं निराळ्या मनःस्थितींत हेंच मेज जपानांत पोंचलें. टोकियो येथील इंपीरियल हॉटेलचे प्रमुख तेत्सुझो इनुमारु १९५७ सालीं डेन्मार्कांत गेले होते. कोपनहेगन येथें त्यांनीं स्मॉर्गसबोर्ड पाहिलें. त्या वेळीं त्यांचा एक तरुण आचारी, नोबुओ मुराकामी, पॅरिसला ‘रिट्झ’ हॉटेलांत पाककला शिकत होता. या भोजनाचा अभ्यास करावा, असें त्याला कळविण्यांत आलें, आणि १ ऑगस्ट १९५८ रोजीं टोकियोंत तें मेज लागलें. ‘स्मॉर्गसबोर्ड’ हा शब्द जपानी जिभेला पेलेना. त्याच सुमारास वाइकिंग चांच्यांवरील एक हॉलिवुडचा चित्रपट गाजत होता आणि त्यांत ते दणकून खातांना-पितांना दाखविले होते. झालें! ‘इंपीरियल वाइकिंग’ असें बारसें झालें. आज जपानी भाषेंत ‘बाइकिंगु’ म्हणजे हातानें वाढून घेण्याचें कोणतेंही जेवण. त्यांत मुगाचे मोड आहेत कीं मासे, याच्याशीं चांच्यांचा कांहीं संबंध उरलेला नाहीं.

दर होता दुपारीं १,२०० आणि रात्रीं १,६०० येन. नुकत्याच पदवीधर झालेल्या नोकरदाराला तेव्हां महिन्याला बारा-तेरा हजार येन मिळत. म्हणजे एका वेळच्या जेवणाला पगाराचा सुमारें दहावा हिस्सा. तरीही लोक आले. कां आले, हें समजण्यासाठीं तेरा वर्षें मागें जावें लागतें. १९४५ सालीं पराभूत जपानांत तांदूळ मापानें मिळत असे, आणि तेंही माप पुरेसें नसे. शहरांतील लोक अंगावरचे चांगले कपडे खेड्यांत नेऊन त्यांच्या बदल्यांत रताळीं आणीत. ज्यांनीं शिधापत्रिका हातीं धरून रांगा लावल्या होत्या, त्यांच्यापुढें हें मेज आलें, आणि त्यावर माप नव्हतें. अशा माणसानें दुसऱ्यांदा ताट भरलें, तर त्याला खादाड म्हणण्यापूर्वीं थोडें थांबावें.

असो. ‘हवें तितकें’ देऊन दुकान बुडत कसें नाहीं, ही शंका प्रत्येकाला येते. एक तर कोणी फार खातो, कोणी पाखराएवढें, आणि मालक सरासरीवर जगतो. वाढप्यांचा पगार वांचतो. पाव, बटाटे, कोशिंबिरी असे स्वस्त नि पोट भरणारे जिन्नस पुष्कळदां मेजाच्या आरंभीं असतात. ताटें लहान असतात. आणि भाजलेलें महागडें मांस कापून देण्यास सुरी घेतलेला एक आचारी उभा असतो. म्हणजे जेथें मोल जास्त, तेथें पळी पुन्हा मालकाच्या हातीं! जपानांत पुष्कळ ठिकाणीं घड्याळच वाढप्याचें काम करतें. नव्वद मिनिटें झालीं, कीं ताट खालीं. या साऱ्या हिशेबांत एकच आंकडा कोणाला आवरत नाहीं, आणि तो म्हणजे ताटांत टाकलेल्या अन्नाचा. पंगतींत उष्टें पडलें, तर दोष आग्रह करणारावर ढकलतां येई. येथें दोष द्यावयाला दुसरें कोणी नाहीं. मग कांहीं ठिकाणीं उष्ट्याबद्दल दंड घेण्याची पाटी लागते.

मुंबईंत एकाच दरांत पोटभर जेवणाची एक घरगुती रीत पूर्वींपासून आहे. माटुंग्याला ए. रामा नायक यांनीं १९४२ सालीं स्थापन केलेल्या श्रीकृष्ण बोर्डिंगांत केळीच्या पानावर हवें तितकें वाढलें जातें. गिऱ्हाईक जागचें हलत नाहीं. भात, सांबार, भाजी घेऊन वाढपीच फिरत राहतो. पोट तेंच भरतें, मोलही एकदांच द्यावयाचें. पण मागावें लागतें, आणि मागतांना समोर एक माणूस उभा असतो. पुष्कळांना तो माणूस हवासा वाटतो. चौथ्यांदा भात मागतांना ज्याला ओशाळल्यासारखें होतें, त्याला तो नकोसा वाटतो.

हा फरक केवळ कल्पनेंतला नव्हे, याचा दाखला २०२० सालीं मिळाला. मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें लास व्हेगसचीं सारीं मेजें उठलीं. एकच पळी शेंकडों हातांतून जाणार, ही गोष्ट एका रात्रींत भयंकर ठरली. कित्येक मेजें पुढें कधीं लागलींच नाहींत. जूनमध्यें तेथील विन हॉटेलानें आपलें प्रसिद्ध भोजनगृह उघडलें, तें मात्र नव्या रीतीनें. पदार्थ हवे तितके, मोल एकदांच. पण गिऱ्हाइकानें बसून राहावयाचें, नांव सांगावयाचें, आणि वाढप्यानें आणून द्यावयाचें. सप्टेंबरमध्यें तें बंद झालें. पुढील वर्षीं, जुलै महिन्यांत, तें पुन्हा उघडलें, तेव्हां हातांत ताट घेऊन मेजाकडे चालत जाण्याची मुभा लोकांना परत मिळाली होती.