हुंडीतले ‘निमे’

भिंगारच्या बाजारात आता भाजीवालासुद्धा फोनवर पैसे घेतो. पेशवाईत मात्र पुण्यास रोकड धाडायची म्हणजे वाटेत लुटीची धास्ती! म्हणून सावकाराची हुंडी चाले. तिच्यात रक्कम अशी मांडीत: ‘रुपये १००, निमे पन्नास, त्याची दुप्पट’. कुणी शून्य वाढवले, तरी निम्म्याशी मेळ बसेना. शाहजोग हुंडीचे पैसे तर पतदार, ओळखीच्या माणसासच मिळत. हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’, तीही गेली तर ‘परपेठ’ लिहून देत.

आजच्या कार्डाला ‘निमे’ म्हणजे पिन आणि ओटीपी. फोनवरून तो मागणारा ‘बँकेचा साहेब’ बँकेचा नसतोच. कार्डाचा आकडासुद्धा जपण्याजोगा. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन दुकानदारांना तो साठवण्यास मनाई केली. त्यांच्या दप्तरी आता नुसते टोकन राहते.