फिटची गोळी



बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसले आहे. मधे दोघा-तिघांनी तब्येतीची चौकशी केली, अमेरिकेतल्या भाचीनं तर फोनच केला. तर सांगून टाकते. मला नागीण झाली होती. डाव्या अंगाला, पाठीपासून छातीखालपर्यंत. पुरळ तीन आठवड्यांत वाळलं. (नागिणीचं तोंड शेपटीला टेकलं की माणूस जातं, असं लहानपणी ऐकलेलं. ती बहुधा एकाच अंगाला राहते हे ठाऊक असूनही मी रोज आरशात बघत होते. हसू नका!) पुरळ गेलं, पण आग राहिली. पदर घासला तरी चटका बसल्यासारखं व्हायचं.

डॉक्टरांनी गॅबापेंटिन लिहून दिलं. औषधाच्या दुकानातला मुलगा माझाच जुना विद्यार्थी. चिठ्ठी वाचून हळूच म्हणाला, "बाई, तुम्हाला फिट येतात?" मी म्हटलं, "नाही रे बाबा." तर म्हणतो, "नाही, मूळची ही फिटचीच गोळी ना, म्हणून विचारलं."

आता जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला असं काही ऐकून झोप येणार आहे का? नातवाला कॉम्प्युटरवर बसवला आणि मुळाशी जायचं ठरवलं.

फेफरं आणि नसेचं दुखणं यांचं नातं जुनं निघालं. चेहऱ्याच्या नसेचा एक भयंकर आजार आहे. वारा लागला, दात घासले, घास चावला तरी गालात वीज चमकावी तशी कळ येते. १८५३ साली त्रुसो या फ्रेंच वैद्यानं पाहिलं, की ही कळ फेफऱ्याच्या झटक्यासारखीच अचानक येते आणि अचानक जाते. त्यानं तिला नावही तसंच दिलं. औषध मात्र त्याच्याकडे नव्हतं. जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९४२ साली, बर्गूइन्यां या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरनं फेफऱ्यावरचं फेनिटॉइन अशा रुग्णांना दिलं आणि गुण आला. पुढे बाझलच्या गायगी कंपनीत शिंडलर यांनी १९५३ साली कार्बामाझेपिन तयार केलं. स्वीडनच्या ब्लोम यांनी ते चेहऱ्याच्या कळांवर वापरून १९६२ साली छापून आणलं. त्या दुखण्यावर आजही डॉक्टर आधी त्याचंच नाव घेतात.

माझ्या गोळीची गोष्ट तर आणखी मजेची. आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. त्याचं काम वर्गातल्या मॉनिटरसारखं, गडबड करणाऱ्यांना गप्प बसवायचं. फेफऱ्यात गडबड फार, म्हणून बाहेरून गाबा द्यावं असा विचार. पण रक्तातून ते मेंदूत नीट शिरत नाही. सत्तरच्या दशकात जर्मनीत झाट्सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाबाला एक कडं जोडलं, म्हणजे ते आत जाईल. झालं गॅबापेंटिन. ते आत गेलं, फेफऱ्यावर उपयोगीही पडलं. १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झालं. आणि गंमत म्हणजे ते गाबाच्या जागी जाऊन बसतच नाही! नसेच्या टोकाला कॅल्शियम आत घेणारी दारं असतात, त्यांच्या एका भागाला ते चिकटतं, हे १९९६ साली कळलं. दारं किलकिली राहिली की दुखण्याचा निरोप कमी पोचतो. १९८९ साली सिल्वरमन आणि आंद्रुश्केविच यांनी अमेरिकेत केलेल्या प्रेगाबालिनचीही तीच कथा. हिशोब गाबाचा, काम दारांवर.

नागिणीनंतरच्या दुखण्यावर ते चालतं, असा चांगला अभ्यास १९९८ साली छापून आला आणि २००२ साली अमेरिकेत त्यासाठी परवानगी मिळाली. पण परवानगीच्या आधीच कंपनीची माणसं डॉक्टरांकडे जाऊन ते नाना दुखण्यांसाठी खपवत होती. आतल्याच एका माणसानं, डेव्हिड फ्रँकलिननं, १९९६ साली तक्रार केली. २००४ साली गुन्हा कबूल करून ४३ कोटी डॉलर भरावे लागले. चोरी पकडली गेली, पण त्यातला नागिणीपुरता माल खरा निघाला. असो.

खरा म्हणजे किती खरा? पुढच्या अभ्यासांची बेरीज अशी, की नागिणीनंतरचं दुखणं निम्म्यानं तरी कमी झालेले लोक गॅबापेंटिनवर शंभरात ३२, नुसत्या नकली गोळीवर १७. हा आकडा वाचून मी जरा वेळ गप्प बसले. दुखणं कमी न होणाऱ्यांनाही चक्कर तर येतच असणार ना!

कारण ती दारं काही फक्त माझ्या बरगडीपाशी नाहीत, सगळ्या मेंदूत आहेत. मला गुण आला, पण सकाळी उठलं की जमीन हलायची. भिंत धरून न्हाणीघरात जायचे. पाय सुजून चपला घट्ट झाल्या. तेही सोसलं असतं. पण आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सवाई माधवरावांच्या काळावर बोलत होते. सालबाईपर्यंत आले आणि अडले. १७८२ आठवतंय, नाना फडणीस आठवतात, महादजी आठवतात, पुढचा शब्दच येईना. "तो हा… लढाई मिटवताना लिहितात तो कागद…" मागून कुणीतरी म्हणालं, "तह, बाई." तेहतीस वर्षं जो शब्द फळ्यावर लिहिला, तो मला कुणीतरी सांगावा लागला. घरी येऊन रडले.

आणि मूर्खपणा केला. कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, घाम, जीव घाबरा, आणि आग दुप्पट. डॉक्टर रागावले. "आजी, ही गोळी एकदम सोडायची नसते, हळूहळू उतरवायची असते." मग त्यांनी मूत्रपिंडाची तपासणी करायला लावली. ही गोळी शरीरात मोडत नाही, जशीच्या तशी लघवीतून बाहेर पडते. माझी मूत्रपिंडं वयानुसार मंदावलेली, म्हणून ती अंगात साठत होती.

आता डोस निम्म्यावर आला आहे, तोही बराचसा रात्री. दिवसा आग होतेच, दुपारी जास्त. डॉक्टरांनी विचारलं होतं, "थोडा वाढवू या का?" मी नको म्हटलं. दुखणं मला सोसतं, अडलेला शब्द सोसत नाही. माझ्या थोरल्या जावेला मधुमेहामुळे पायांची अशीच आग होते. ती उलट म्हणते, "शब्द गेले तर गेले, मला झोप दे." तिचंही चुकलं असं मी कसं म्हणू?

हा लेख रोज सकाळी थोडा थोडा करत नऊ दिवसांत लिहिला. ‘किलकिली’ हा शब्द सुचायला दोन दिवस लागले.