कुंपणाच्या आत कोण, बाहेर कोण?

लहान मुलांना घेऊन बर्लिनला गेलेलं कुटुंब काय काय बघतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आधी ब्रांडेनबुर्ग दरवाजा, मग संसदेचा काचेचा घुमट, मग भिंतीचे उरलेले तुकडे. तोवर मुलं कंटाळलेली असतात. मग सगळे ‘झू’ला जातात. शहराच्या ऐन मध्यात, रेल्वे स्टेशनला अगदी लागून असलेलं हे प्राणिसंग्रहालय. आत पांडा आहेत, पाणघोडे आहेत, शेजारी तीन मजली मत्स्यालय आहे. एका प्रवेशद्वारापाशी दोन दगडी हत्ती बसलेत. त्यांच्या पाठीवर खांब आणि वर रंगीत छत. फोटो काढल्याशिवाय तिथून कुणी पुढे सरकत नाही.

हा हत्ती दरवाजा १८९९ सालचा, असं सांगतात. ते अर्धंच खरं आहे. मूळ दरवाजा दुसऱ्या महायुद्धात गेला. आज आपण ज्याच्यासमोर उभे राहतो, तो १९८०च्या दशकात पुन्हा उभारलेला. या बागेतल्या बऱ्याच गोष्टी अशाच आहेत. दिसायला जुन्या आणि निरागस, पण मधली काही पानं गळालेली.

सुरुवात झाली १ ऑगस्ट १८४४ला. जर्मनीतलं हे सर्वांत जुनं प्राणिसंग्रहालय. राजा फ्रीडरिख विल्हेल्म चौथा याने आपल्या खासगी संग्रहातले प्राणी दिले, पण संस्था चालली ती भागधारकांच्या पैशावर. शेअर घेतला की घरच्या सगळ्यांना फुकट प्रवेश. लाभांशासाठी हे शेअर कुणी घेत नसे. रविवारी मुलाबाळांसह बागेत फिरायचं, बँड ऐकायचा, ओळखीच्यांना भेटायचं, यासाठी ते घेतले जात आणि वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जात. ‘आमचा झूचा शेअर आहे’ म्हणजे आम्ही या शहरातले मानाचे नागरिक आहोत.

१८७०च्या दशकात बाग नव्याने सजली. हत्तींसाठी भारतीय धाटणीचं, देवळासारखं दिसणारं घर बांधलं गेलं. हरणांसाठी मूरिश शैलीचा महाल उठला. प्राणी ज्या प्रदेशातला, तिथल्यासारखी (म्हणजे बर्लिनकरांच्या कल्पनेतल्या तिथल्यासारखी) त्याची इमारत. चार पैशांत जगाची सफर. मग या सफरीत माणसंही दाखवायला सुरुवात झाली.

हांबुर्गचा प्राणी-व्यापारी कार्ल हागेनबेक दूरदेशीच्या माणसांचे जत्थे आणून युरोपभर त्यांची प्रदर्शनं भरवत असे. १८८०च्या ऑक्टोबरमध्ये त्याने लाब्राडोरहून आणलेले आठ इनुइट बर्लिनच्या बागेत ठेवले. त्यांच्यात अब्राहम उलरिकाब होता, त्याची बायको उलरिके आणि दोन लहान मुली होत्या. अब्राहम ख्रिस्ती होता, लिहायला-वाचायला शिकलेला होता, व्हायोलिन वाजवायचा. डोक्यावरचं कर्ज फेडायचं आणि युरोप बघायचा, म्हणून तो आला होता. लोक मुलांना खांद्यावर बसवून बघायला येत, ते या कुटुंबाला.

अब्राहम रोजनिशी लिहीत होता. त्यामुळे या गोष्टीची दुसरी बाजू आपल्याला माहीत आहे. एरवी असल्या प्रदर्शनांबद्दल बघणाऱ्यांनीच लिहिलं. इथे ज्याला बघितलं जात होतं, त्याने लिहून ठेवलंय. गर्दीचा गोंगाट, दिवसाउजेडी बाहेर पडणं अशक्य होणं, घरची ओढ. त्यांना देवीची लस टोचायचं मात्र आणणाऱ्यांनी वेळेवर केलं नाही. डिसेंबरमध्ये पहिला मृत्यू झाला. मोठी मुलगी सारा जेमतेम चार वर्षांची. तिला क्रेफेल्डच्या इस्पितळात एकटी सोडून आईबापांना पुढच्या खेळासाठी पॅरिसला नेण्यात आलं. १६ जानेवारी १८८१पर्यंत आठांपैकी एकही जण उरला नव्हता. पॅरिसमध्ये मेलेल्या पाच जणांचे सांगाडे तिथल्या निसर्गेतिहास संग्रहालयात जमा झाले आणि एकविसाव्या शतकात त्यांचा शोध लागेपर्यंत तसेच पडून राहिले.

म्हणजे १८८०मध्ये काही माणसं कुंपणाच्या आत होती. साठ वर्षांच्या आत दुसऱ्या काही माणसांना याच फाटकाबाहेर काढलं गेलं.

बर्लिनच्या ज्यू कुटुंबांचा या बागेवर फार जीव होता. ते भागधारक होते, देणगीदार होते, संचालक मंडळात होते. १९३३मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांना मंडळातून दूर केलं गेलं. १९३८मध्ये उरलेल्यांना आपले शेअर पडत्या भावात विकावे लागले. संस्थेने ते चढ्या भावाने इतरांना विकले. १९३९च्या सुरुवातीपासून ज्यूंना आत यायलाच बंदी झाली. छळछावण्यांपुढे ही बंदी किरकोळ वाटेल. पण दर रविवारी आजोबांच्या शेअरवर हत्ती बघायला जाणाऱ्या मुलाला ‘आता तुला नाही जाता येणार’ हे सांगण्यापासूनच तर सगळं सुरू होतं. त्या काळचे संचालक लुट्झ हेक नाझी पक्षाचे सदस्य होते. जर्मनीने पोलंड घेतल्यावर वॉर्सॉच्या प्राणिसंग्रहालयातले प्राणी उचलून आणण्यात त्यांचा हात होता.

नोव्हेंबर १९४३मध्ये बाँब बागेवरही पडले. ते देवळासारखं हत्तीघर आतल्या हत्तींसह कोसळलं. युद्ध संपलं तेव्हा साडेतीन हजारांहून जास्त प्राण्यांपैकी फक्त ९१ जिवंत होते. त्यात सियाम नावाचा एकुलता एक हत्ती होता आणि क्नाउट्श्के नावाचं पाणघोड्याचं पोर होतं. कातरिना हाइनरोथ या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी या ढिगाऱ्याचा ताबा घेतला. जर्मनीत प्राणिसंग्रहालयाची संचालक झालेली ही पहिली स्त्री. लोकांनाच खायला नव्हतं, तिथे प्राण्यांना काय घालणार? बागेत भाजीपाला पिकवून, मिळेल ते जमवून बाईंनी ती जगवली.

या पडझडीच्या काळात भारताचा एक धागा येतो. १९५१ साली पंतप्रधान नेहरूंनी बर्लिनच्या मुलांसाठी एक हत्तीण भेट पाठवली. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी टोकियोच्या मुलांना ‘इंदिरा’ दिली होती. बर्लिनच्या हत्तिणीचं नाव होतं शांती. युद्धात हरलेल्या देशातल्या मुलांचा त्या युद्धात काही दोष नव्हता, हे एका नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने ओळखलं होतं. आज जिवंत प्राणी असे भेट देणं आपल्याला खटकेल. पण त्या मुलांसाठी फाटक पुन्हा उघडल्याची ती खूण होती.

हा सगळा इतिहास बागेने स्वतःहून लगेच सांगितला नाही. ज्यू भागधारकांचं काय झालं, हे विचारायला त्यांचे वारस पुढे आले, संशोधन झालं, तेव्हा कुठे २०११मध्ये स्मृतिफलक लागला. हरणांच्या त्या मूरिश महालात आता संस्थेच्या इतिहासाचं कायमचं प्रदर्शन आहे.

त्याच इमारतीत जिराफही राहतात. त्यामुळे जिराफ बघायला मुलं आत जातातच. त्यांना खांद्यावर बसवून जिराफ दाखवावा आणि निघण्याआधी भिंतीवरचं थोडं वाचूनही दाखवावं. ती प्रश्न विचारतील. बरेचसे अवघड असतील. एक मात्र सोपा असेल: ‘त्यांना आत का येऊ दिलं नाही?’ त्याचं उत्तर मोठ्यांनी आधीच तयार ठेवलेलं बरं.