सहारा मॅरेथॉन : वारज्याहून प्रवासाचे नियोजन

सहारा मॅरेथॉन : अल्जीरियाच्या पश्चिम टोकाला, तिंदूफ शहराजवळच्या सहरावी निर्वासितांच्या छावण्यांत फेब्रुवारीच्या अखेरीस होणारी धावण्याची शर्यत. पहिली शर्यत २००१ मध्ये झाली. पूर्ण मॅरेथॉन, २१ किमी., १० किमी., ५ किमी. आणि लहान मुलांची शर्यत असे तिचे प्रकार आहेत. परदेशांतून येणाऱ्या धावपटूंची सोय हॉटेलात होत नाही. प्रत्येकाला छावणीतले एक घर मिळते आणि तिथल्या कुटुंबासोबत तो जेवतो, झोपतो. नोंदणीशुल्काचा काही भाग छावण्यांतील खेळ, शिक्षण आणि इतर मदतीच्या कामांसाठी वापरला जातो. पुण्यातील वारजे भागातून या शर्यतीला जाऊ पाहणाऱ्या धावपटूला डोळ्यांसमोर ठेवून प्रस्तुत नोंद लिहिली आहे.

नावामुळे एक गोंधळ नेहमी होतो. वाळवंटातली मॅरेथॉन म्हटले की पुण्यातल्या धावपटूला बहुधा मोरोक्कोतली ‘मॅराथाँ दे साब्ल’ आठवते. ती १९८६ पासून होते, सुमारे २५० किमी.ची असते आणि तिच्यात धावपटू आपली शिधासामग्री पाठीवर वाहून नेतो. ती सहनशक्तीची परीक्षा आहे. तिंदूफची शर्यत ही मुळात भेट आहे. धावणे चार-पाच तासांत संपते. पाहुणचार मात्र आठवडाभर चालतो. या प्रवासाची तयारी करताना हा फरक आधी मनात ठसवून घ्यायला हवा. सरावाचे तक्ते नंतर.

पार्श्वभूमी : पश्चिम सहारा हा अटलांटिक किनाऱ्यावरचा प्रदेश सुमारे २,६६,००० चौ. किमी. आहे, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडा लहान. १८८४ पासून तो स्पेनच्या ताब्यात होता. स्वातंत्र्यासाठी १० मे १९७३ रोजी पोलिसारिओ आघाडी स्थापन झाली. १६ ऑक्टोबर १९७५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने असे मत दिले, की मोरोक्को आणि मॉरितानिया यांचे या भूमीशी काही जुने संबंध असले, तरी त्यातून सार्वभौमत्व सिद्ध होत नाही आणि लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क कायम राहतो. तीनच आठवड्यांनी, ६ नोव्हेंबरला, राजे दुसरे हसन यांच्या हाकेवर सुमारे साडेतीन लाख मोरोक्कन नागरिक सीमा ओलांडून आत शिरले. १४ नोव्हेंबरला माद्रिद येथे करार होऊन स्पेनने प्रदेश मोरोक्को व मॉरितानिया यांच्या हवाली केला. तिथल्या माणसांना कुणी विचारले नाही.

बायका, मुले, म्हातारी माणसे पूर्वेकडे निघाली. अल्जीरियाने त्यांना तिंदूफजवळच्या हमादावर जागा दिली. हमादा म्हणजे वाळूच्या टेकड्यांचे वाळवंट नव्हे; ते दगडगोट्यांचे, सपाट, उघडेबोडके पठार असते. २७ फेब्रुवारी १९७६ रोजी सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताकाची घोषणा झाली, आणि शर्यत या दिवसाच्या आसपास घेतात ती त्यासाठीच. मॉरितानियाने १९७९ मध्ये माघार घेतली. मोरोक्कोशी युद्ध १९९१ पर्यंत चालले. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने युद्धविराम झाला आणि सार्वमत घेण्यासाठी ‘मिनुर्सो’ हे पथक नेमले गेले. ते सार्वमत आजवर झालेले नाही. प्रदेशाचे दोन तुकडे करणारी सुमारे २,७०० किमी. लांबीची वाळू-मातीची तटबंदी अजून उभी आहे आणि तिच्या कडेने सुरुंग पेरलेले आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये युद्धविरामही मोडला.

भारताचा या इतिहासाशी थेट संबंध आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. भारताने १९८५ मध्ये सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली. २००० मध्ये ती काढून घेतली. आज चाळिशीत असलेला वारज्याचा धावपटू शाळेत जात होता, तेव्हा दिल्लीत या लोकांचा दूतावास होता. यजमानांच्या घरी हा विषय निघू शकतो. तेव्हा गप्प बसण्यापेक्षा ही दोन साले माहीत असलेली बरी.

छावण्या : एल आयून, स्मारा, औसर्द, दाखला आणि बुजदूर अशा पाच छावण्या आहेत. ही सगळी नावे मागे राहिलेल्या गावांची आहेत, त्यामुळे इथे जन्मलेले मूल आपला पत्ता सांगताना न पाहिलेल्या गावाचे नाव घेते. प्रशासन राबुनी येथून चालते. दाखला इतर छावण्यांपासून बरीच दूर, सुमारे १७० किमी.वर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने २०१८ मध्ये निर्वासितांची संख्या १,७३,६०० मानली. पुरुष आघाडीवर असताना तंबू उभारण्यापासून शाळा, दवाखाने आणि शिधावाटप चालवण्यापर्यंत छावण्यांची घडी बसवली ती स्त्रियांनी. पाणी टँकरने येऊन पत्र्याच्या टाक्यांत साठते. तंबूशेजारी मातीच्या विटांच्या खोल्या आल्या. ऑक्टोबर २०१५ च्या पावसात अशी हजारो घरे विरघळली.

पुणेकराला हे समजायला फार लांब जावे लागत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि मुठेच्या लोंढ्यात शहरातले जुने वाडे असेच बसले. वारजे याच मुठेच्या काठी, खडकवासला आणि शहर यांच्या मधोमध आहे. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी निसेन हट उभ्या राहिल्या, मग पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, आणि त्यांतल्या घरांच्या मालकीचे प्रश्न पुढे कितीतरी दशके रेंगाळले. तात्पुरते म्हणून टाकलेले बिऱ्हाड पिढ्यान्‌पिढ्या कसे मुरते, हे ज्या घरांनी पाहिले आहे त्यांना तिंदूफ परके वाटणार नाही. परक्या निर्वासितांना जागा दिल्याचे उदाहरणही महाराष्ट्रात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश स्त्रिया, मुले आणि वृद्ध राहत होते. ते पाच वर्षांत पुढे गेले. सहरावींची पन्नास वर्षे झाली.

मार्ग व हवामान : पूर्ण मॅरेथॉन एल आयून छावणीतून सुटते, औसर्दवरून जाते आणि स्मारा येथे संपते. वाटेत घोटाभर वाळूचे पट्टे लागतात, पण बहुतेक जमीन दगड-खड्यांची आणि टणक असते. वाळवंट म्हणून उन्हाची धास्ती घेतली जाते, पण फेब्रुवारीत तिंदूफपेक्षा पुणेच अधिक गरम असते. तिथे दिवसाचे तापमान साधारण २२ ते २५ अंश असते, रात्री ते दहाच्या आसपास उतरते. त्रास देतो तो वारा. सावलीला झाड नाही, आडोशाला भिंत नाही. हवा इतकी कोरडी, की घाम अंगावर दिसतच नाही, फक्त कपाळावर मिठाची पुटे चढतात. तहान लागेपर्यंत थांबणारा धावपटू तिसाव्या किलोमीटरला बसतो.

सराव : वारज्याचे भाग्य असे, की लागते तशी जमीन दाराशी आहे. वारज्याच्या टेकडीवरचे वनविभागाचे स्मृतिवन एके काळी ओसाड होते. सुमारे चाळीस एकरांवर आज ६५,००० हून अधिक झाडे आहेत, आणि २०२० च्या पर्यावरणदिनी देशातील नगरवन योजनेसाठी ते नमुना म्हणून पुढे ठेवले गेले. त्या बाजूचा मुरूम, सुटे खडे आणि चढ-उतार हमादाला जवळचे आहेत. महामार्गाच्या सेवारस्त्यावर डांबरावर केलेले लाँग रन श्वास तयार करतील, घोटे तयार करणार नाहीत. आठवड्यातून किमान दोनदा मुरमावर पळावे. सिंहगडाची आतकरवाडीकडची पायवाट महिन्यातून एकदा चढून-उतरून केली तर मांड्या आणि घोटे दोन्ही बनतात. वाळूसाठी कोकणात एखादा शनिवार-रविवार काढावा. पण भरतीरेषेवरच्या ओल्या, दबलेल्या वाळूवर नव्हे, तर वरच्या कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूवर पळावे. १९८३ पासून चालत आलेली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन परंपरेने डिसेंबरच्या आरंभी होते. ती धरली, तर पूर्ण अंतराची चाचणी सुमारे अकरा आठवडे आधी होऊन जाते आणि सावरायलाही वेळ उरतो.

बूट नेहमीपेक्षा अर्ध्या मापाने मोठे असावेत. घोट्यावर कापडी पट्टी बांधावी, नाहीतर बुटात खडे जातात आणि फोड येतात. वाऱ्यासाठी महागड्या मुखपट्ट्यांची गरज नाही. सहरावी पुरुष डोक्याला काही मीटर लांबीचे सुती कापड गुंडाळून त्याचाच पदर नाका-तोंडावर घेतात. लांब सुती उपरणे हे काम चोख करते. रात्रीसाठी स्वेटर आणि झोपायची उबदार पिशवी विसरू नये.

कागदपत्रे व मार्गक्रमण : आधी आयोजकांकडून त्या वर्षीची तारीख नक्की करून घ्यावी. २०२६ ते २०२८ या तिन्ही वर्षी रमजानचे काही दिवस फेब्रुवारीत येतात. यजमान घराचा उपास आणि आपला दिनक्रम यांचा मेळ त्यावर अवलंबून आहे. विदेशी धावपटूंसाठी साधारणतः माद्रिदहून तिंदूफपर्यंत खास विमान ठरवले जाते. याचा अर्थ भारतीय पारपत्रधारकाला दोन व्हिसा लागतात : अल्जीरियाचा आणि स्पेनमुळे शेंगेनचा. शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचाच मागावा. एका प्रवेशाचा मिळाला, तर तिंदूफहून परतताना माद्रिदमध्ये पाऊल टाकता येत नाही. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो. दिवाळीचा फराळ संपला की या कामाला लागावे. अल्जीरियाचा दूतावास नवी दिल्लीत आहे, आणि त्या व्हिसासाठी आयोजकांचे निमंत्रण हाती असणे महत्त्वाचे. स्पेन टाळून अल्जीयर्समार्गे देशांतर्गत विमानाने तिंदूफला जाण्याचा पर्यायही आहे, पण तिंदूफ हा लष्करी महत्त्वाचा भाग असल्यामुळे आयोजकांना कळवल्याशिवाय तो धरू नये.

आलोच आहोत तर मोरोक्कोही पाहून घेऊ, हा विचार सोडून द्यावा. अल्जीरिया-मोरोक्को सीमा १९९४ पासून बंद आहे, दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध ऑगस्ट २०२१ मध्ये तुटले आणि पुढच्याच महिन्यात अल्जीरियाने मोरोक्कन विमानांना आपले आकाश बंद केले.

ऑक्टोबर २०११ मध्ये राबुनीहून तीन परदेशी मदतकार्यकर्त्यांचे अपहरण झाले होते. त्यांची सुटका जुलै २०१२ मध्ये झाली. त्यानंतर पाहुण्यांच्या हालचालींवर पहारा वाढला. रात्री छावणीबाहेर न जाणे, सैनिक आणि तपासनाक्यांची छायाचित्रे न काढणे हे नियम निमूट पाळावेत. निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचावी आणि अल्जीयर्समधील भारतीय दूतावासाला आपला कार्यक्रम कळवावा. वैद्यकीय विमा घेताना त्यात धावण्याची शर्यत आणि विमानाने हलवण्याचा खर्च धरला आहे ना, हे पाहावे. छावणीत कार्ड चालेल असे गृहीत धरू नये. सुटे युरो जवळ ठेवावेत.

पाहुणचार : सहरावी घरात शिरल्यावर पहिली गोष्ट चहा. कोळशाच्या शेगडीवर हिरवा चहा पुन्हा पुन्हा उकळतात, उंचावरून पेल्यांत ओतून फेस काढतात आणि एकामागून एक तीन पेले देतात. पहिला कडू, दुसरा गोड, तिसरा सौम्य. यात तास सहज जातो. तिसऱ्या पेल्याआधी उठू नये. घरची बोली हस्सानिया अरबी असते, शाळेत स्पॅनिशही शिकवतात. त्यामुळे मोजके स्पॅनिश शब्द इंग्रजीपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

जेवणात कुसकुस, भात, मसूर, पाव, खजूर असतात आणि पाहुण्याचा मान म्हणून उंटाचे किंवा बकऱ्याचे मांस. शाकाहारी असल्यास ते नोंदणीच्या वेळीच सांगावे. ताटात वाढल्यावर नाकारले, तर शिध्यावर जगणाऱ्या घराने मुद्दाम आणलेला घास वाया जातो. स्वतःसाठी शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट, भाजणी, मीठ-साखरेच्या पुड्या न्याव्यात. शर्यतीच्या पहाटे ओळखीचे अन्न पोटात असणे हा साधा शहाणपणा आहे. प्यायला बाटलीचेच पाणी घ्यावे. अंघोळीचा विचार करू नये. एका तांब्यात हात-पाय-तोंड आटोपावे, कारण टाकीतले पाणी त्या घराच्या वाट्याचे आहे. स्त्रियांनी सैल, अंगभर कपडे न्यावेत. तिथल्या स्त्रिया मेल्फा नेसतात, सुमारे चार मीटरचे अखंड वस्त्र. नऊवारीच्या मुलखातून आलेल्या पाहुणीला तो गुंडाळायला शिकवताना घरात हसू पिकल्याखेरीज राहणार नाही.

वाटेत मुलांना गोळ्या-चॉकलेटे, पैसे वाटू नयेत. त्याने मुले हात पसरायला शिकतात, आणि त्यांच्या आयांना ते आवडत नाही. द्यायचे ते घरच्या बाईच्या हाती किंवा आयोजकांकडे द्यावे. औषधे कोणती लागतात हे आधी विचारून मगच न्यावीत.

शर्यतीत सहरावी तरुण-तरुणीही धावतात आणि पुष्कळदा पुढे असतात. सहरावी धावपटूंत सलाह अमैदान याचे नाव आदराने घेतले जाते. मोरोक्कोच्या संघातून धावत असताना २००३ मध्ये फ्रान्समधल्या एका शर्यतीत त्याने सहरावी झेंडा फडकावला. मायदेशी परतण्याचा मार्ग त्याने त्या क्षणी स्वतःहून बंद केला. त्याच्यावरचा ‘द रनर’ हा माहितीपट २०१३ मध्ये आला. निघण्याआधी तो पाहावा.

परतीच्या सामानाचे वजन जाताना भरलेल्या सामानापेक्षा कमी असावे. चांगल्या स्थितीतले बूट, स्वेटर आणि झोपायची पिशवी यजमानांना विचारून तिथेच ठेवता येते. बूट ठेवायचे ठरवले, तर घरातल्या कुणाच्या पायाला ते बसतात हे निघण्याच्या आदल्या दिवशी पाहून घ्यावे आणि त्यातली वाळू झटकून द्यावी.