टपालपेटीला लागलेले कुलूप

आमच्या गावातल्या रक्तदात्यांची यादी मी सांभाळतो. कुणाला रक्त हवे असले, की संगणकावरची एक छोटी स्क्रिप्ट त्या गटाच्या दात्यांना आपोआप ईमेल पाठवते. एका रात्री ती अडली. पडद्यावर आकडा उमटला : ५३५. निरोप एकालाही गेला नव्हता. पासवर्ड मी चारदा तपासून टाकला, उत्तर तेच. शेवटी मध्यरात्रीपर्यंत एकेकाला फोन करत बसलो. दाता मिळाला, पण तो आकडा डोक्यातून जाईना.

शोध घेतला, तेव्हा कळले की मुळात ईमेलला असा पहारा नव्हताच. ईमेल पोहोचवण्याचे एसएमटीपी हे नियम अमेरिकेतल्या जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. त्यांत पासवर्डची सोय नव्हती. तेव्हाचे जाळे मुख्यतः विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे. आपल्या लाल टपालपेटीसारखेच ते. पत्र टाकणाऱ्याला नाव कोण विचारतो?

१९९० च्या दशकात जाळे सर्वांना खुले झाले आणि या भाबडेपणाचा फायदा घेणारेही आले. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून ते फुकट जाहिरातींचा पाऊस पाडू लागले. मग मार्च १९९९ मध्ये जॉन मायर्स यांनी, पत्र देणाऱ्याने आधी ओळख पटवावी, अशी तरतूद लिहिली. ती ओळख पटली नाही, की ५३५!

पुढे पासवर्डही चोरीला जाऊ लागले. म्हणून गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी, नुसता नेहमीचा पासवर्ड देणाऱ्या प्रोग्रॅमना दार बंद करायला घेतले. दुहेरी पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा वेगळा ‘ॲप पासवर्ड’ घेता येतो. माझ्या ईमेल सेवेचा नियमही तसाच बदलला होता. तशी सूचना महिनाभर आधी आली होती. मीच ती वाचली नव्हती.

तेव्हा एवढे लक्षात ठेवा : ५३५ दिसला म्हणजे इंटरनेट ठीक आहे, सर्व्हरने तुमचे ऐकले आहे, फक्त ओळख नाकारली आहे. अशा वेळी तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकू नका. सेवेला कोणत्या प्रकारचा पासवर्ड हवा, ते आधी पाहा.

मी आता दर महिन्याच्या १ तारखेला स्वतःलाच एक ईमेल पाठवून पाहतो. आणि दात्यांच्या फोन क्रमांकांची वही टेबलावरच ठेवतो.